मानपाड्यातलं कॅम्पिंग

गाडीला ट्रेलर जोडून कुटुंबाला कॅम्पिंगला न्यायचं ठरवलं, तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो.

कारण होती माझी बायको, सुनंदा. आमची प्रत्येक सुट्टी नातेवाइकांकडे जाते, नाहीतर नातेवाईक आमच्याकडे ठाण्याला येतात. दोन्हीकडे पोळ्या तीच लाटते. "अहो, एकदाच मला बिनपाहुण्यांची सुट्टी द्या," ती म्हणाली. मी छातीठोकपणे शब्द दिला.

डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला एक वर्कशॉपवाला असे ट्रेलर, म्हणजे चाकांवरची घरं, भाड्याने देतो. मी, सुनंदा आणि माझी आई निवडायला गेलो. आता घर निवडण्याचा आमचा अनुभव दांडगा! टिटवाळ्यापासून ठाण्यापर्यंत एकही सॅम्पल फ्लॅट आम्ही सोडलेला नाही. त्याच शिस्तीत सुरुवात केली.

"कार्पेट एरिया किती?" मी विचारलं.

"साहेब, आधी तुमची गाडी कुठली ते..." मालक म्हणाला.

"ते नंतर. हवा खेळती आहे का?"

आईने मोबाईलमधलं होकायंत्र काढलं. "दार दक्षिणेला आहे. नको."

"काकू, याला चाकं आहेत! हवं तिकडे तोंड करा!"

"नको म्हणजे नको."

सुनंदाने ओट्यावर टिचकी मारली. "हा फारच छोटा आहे हो. मोठा दाखवा."

"अगं, तुला सुट्टीत स्वयंपाक नको होता ना?"

"नकोच आहे. म्हणून ओटा धड नको?"

लहान ट्रेलर धडाधड नापास झाले (एकाला माळा नव्हता!). शेवटी सगळ्यात मोठा पसंत पडला. मालक वजनाचं काहीतरी सांगत होता. मी त्याला हातानेच गप्प केलं.

सुट्टीच्या सकाळी वर्कशॉपच्या आवारातच आईने ट्रेलरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी माळशेजच्या दिशेने आमच्या इवल्याशा गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला. गाडी किंचाळली, धूर निघाला, आणि ट्रेलर ढिम्म! पुन्हा दाबला, तर गाडीच मागे सरकल्यासारखी वाटली. लहान ट्रेलर तोवर सगळे भाड्याने गेले होते.

"घरी जायचं?" सुनंदाने विचारलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता. मला फार वाईट वाटलं.

"मुळीच नाही! कॅम्पिंग करायचं म्हणजे करायचं. इथेच!"

मालकाने बिचाऱ्याने आवारातच राहू दिलं. मी जोशात फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. मागे मानपाड्याची पाटी स्पष्ट दिसतेय, हे मात्र पाहिलं नाही. तासाभरात ठाकुर्लीचे मामा हजर!

"अरे, एवढ्या जवळ आलेलात आणि कळवलं नाहीस?"

मागोमाग कल्याणची आत्या, मग डोंबिवलीचे साडू सहकुटुंब. सगळ्यांनी ओट्याचं कौतुक केलं आणि चहा मागितला. दोनदा सुनंदाने केला. तिसऱ्यांदा आत्या "अगं, जरा आलं घालून" म्हणाली, तेव्हा सुनंदाने खुर्ची बाहेर टाकली आणि तिच्यात ठाण मांडलं.

"मी कॅम्पिंगला आलेय, आत्या. चहा हे करतील."

मागे हटणं माझ्या रक्तात नाही. मी पातेलं चढवलं, आलं ठेचलं, पत्ती अंदाजाने टाकली. मामांनी एक घोट घेऊन आत्याकडे पाहिलं. दोघांनाही एकदम घरची महत्त्वाची कामं आठवली. साडूंनी तर कप न उचलताच चपला घातल्या! ग्रुपवरही बातमी गेली असावी, कारण पुढे सुट्टी संपेपर्यंत आमच्याकडे एकही नातेवाईक फिरकला नाही. सुनंदा खुर्चीत पाय पसरून निवांत बसली होती.

मला ट्रेलर जागचा हलवता आला नाही हे खरं, पण अख्खं खानदान मी एका कपात हलवलं!