माहेरचं रक्त

आमच्या आदिवासी बायकांना स्तनाचा कॅन्सर कसा होतो, आईकडून लेकीकडे रक्तातून काय येतं, ते आजवर कुणी तपासलंच नव्हतं. परवा पाड्यावरच्या शाळेत रक्ताचे नमुने घ्यायला माणसं आली आणि मी सगळ्या बायकांचे अर्ज भरून द्यायला बसले. 'कुटुंबात कुणाला कॅन्सर झाला होता?' या प्रश्नावर प्रत्येकजणी सांगत होती, "कुणाला नाही." मीही मुकाट्याने 'नाही' लिहीत होते.

मग जनाबाई आली. ऑपरेशननंतर तिची एक बाजू सपाट झालेली; ती पदराने झाकायची तसदी तिने घेतली नव्हती. तीही म्हणाली, "घरात कुणाला नाही. आई त्यानंच गेली, बहीणही गेली. पण ते माहेर."

माझं पेन थांबलं. लग्नात आपण आडनाव सोडतो, उंबरा सोडतो. रक्त कुठे सोडून येतो? माझी आत्या अशीच गेली, तरी माझ्या स्वतःच्या अर्जावर मी 'नाही'च लिहिलं होतं. संताप आला, तो आधी माझाच.

"नावं सांगा त्यांची."

"सोमी. बुधी."

अर्जात जागा नव्हती. मी दोन्ही नावं समासात मोठ्या अक्षरात लिहिली, आणि मघाच्या सगळ्या जणींना परत बोलावलं.

जनाबाईने नर्सपुढे हात सरळ केला. "नीट घे गं. तिघींचं आहे."