साठ दिव्यांच्या गाठी

ठिणगीमामाला राग आला नाही असा दिवस गॅरेजच्या गल्लीत कुणाच्या आठवणीत नव्हता. सकाळी शटर वर करायचं तेच कुणाला तरी शिव्या घालत, आणि कुणी सापडलं नाही तर शटरलाच. गाड्यांचं वायरिंग करण्यात माणसाने पस्तीस वर्षं घातलेली. हात असा की बोनेट उघडून नुसता वास घेतला तरी कुठली तार जळली ते सांगायचा. पण तोंड! गिऱ्हाईक समोर उभं असताना विचारायचा, "हा उद्योग कुठल्या गाढवाने केलाय?" आणि तो उद्योग बऱ्याचदा गिऱ्हाइकानेच केलेला असायचा. तरी लोक यायचे. शिव्या खायचे, गाडी नीट करून घ्यायचे, पुढच्या वेळी परत यायचे.

ठिणगी हे नाव गल्लीने ठेवलं. मामा झाला तो भाचीमुळे. धाकट्या बहिणीची ही मुलगी आठ वर्षं त्याच्या हाताखाली काम करत होती. ती मामा म्हणायची म्हणून सगळी गल्ली म्हणायला लागली. तिला मात्र तिशी उलटली तरी सगळे बारकीच म्हणत.

रागाची गोष्ट सांगायची तर एक जुनी हकिकत सांगावी लागेल. मामा पंचविशीत असताना बसगाड्यांच्या कारखान्यात होता. एका बसच्या मागच्या सीटखाली तार दोन बोटं कमी पडली. यानं तुकडा जोडला, वर टेप गुंडाळली, सीट बसवली आणि जेवायला गेला. चार महिन्यांनी तोच जोड सैल पडून तापला आणि बस पेटली. उतारू खाली उतरलेले होते म्हणून निभावलं. पण मागचं दार उघडताना ड्रायव्हरचे दोन्ही तळवे भाजले, आणि तो माणूस पुन्हा कधी स्टिअरिंग धरू शकला नाही. मामाला कुणी काही बोललं नाही. कुणाला कळलंच नव्हतं जोड कुणाचा ते. याला माहीत होतं. तेव्हापासून त्याचा एकच कायदा, जिथे डोळा पोचत नाही तिथे जोड नाही. तार अख्खी हवी. दुसऱ्याच्या गाडीत लपलेला जोड सापडला की तळपायाची आग मस्तकात जायची, आणि पक्कड घेऊन तो आधी तो जोड कापूनच टाकायचा.

बारकीला पहिल्या दिवसापासून हेच पाजलेलं. तार ओढताना चुकली तर ओरडा, घाई केली तर ओरडा, आणि जोड दिला तर पक्कड भिंतीवर. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि सगळं उचललं. तिचं काम बघायला शेजारचे मेकॅनिक यायचे. मामाने तोंडावर कधी 'बरं झालंय' म्हटलं नाही. मला विचाराल तर त्याचं पहिलं चुकलं ते इथंच.

दुसरं चुकलं ते त्या छोट्या दिव्यांपायी. बाजारात अलीकडे तयार तारा लावलेले एलईडी मिळतात. तांदळाच्या दाण्याएवढा दिवा, त्याला केसासारख्या दोन तारा, एक लाल, एक काळी. बारा व्होल्टच्या बॅटरीला लावा की पेटला. मोटारसायकलवाले टाकीखाली लावतात, ट्रकवाले केबिनमध्ये, घरी बसून खेळण्यातल्या आगगाड्या करणारे तर पाकीटच्या पाकीट नेतात. मामाला त्यांचा तिटकारा. ही चमकी माझ्या टेबलावर नको, असा दम त्याने सगळ्यांना भरून ठेवला होता. खरं कारण वेगळं होतं. पूर्वी ज्या कामासाठी लोक हात जोडून त्याच्याकडे यायचे, ते काम आता कुणीही सोम्यागोम्या घरी बसून करत होता. हे काही तो कबूल करणार नव्हता.

अशात बारकीला तिचं पहिलं स्वतःचं काम मिळालं. शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई होत्या. त्यांनी सहा वर्षं खपून पुठ्ठ्याचं आणि लाकडाचं एक छोटं शहर बनवलं होतं. पूल, घाट, स्टेशन, दवाखाना, सगळं. ते एका जुन्या व्हॅनमध्ये बसवून शाळाशाळांत न्यायचं, अशी त्यांची इच्छा. त्यात साठ दिवे हवे होते, रस्त्यावरचे आणि घरांतले. बाई मामाकडे न येता थेट बारकीकडे आल्या. हे काम नीट झालं तर गल्लीच्या टोकाची रिकामी खोली घेऊन स्वतःचं दुकान टाकायचं, असं बारकीने आईजवळ बोलून ठेवलं होतं. मामाच्या कानावर ते गेलं होतंच.

तिने महिनाभर बाईंच्या अंगणात उभ्या व्हॅनमध्ये काम केलं. आधी एकेक दिवा बॅटरीला लावून पाहिला. साठच्या साठ पेटले. मग रस्त्यांना भोकं पाडून तारा बोर्डाखाली ओवल्या, कडेच्या झाकणाच्या खणात नेऊन स्क्रूच्या पट्टीवर आवळल्या. दाखवायच्या दिवशी सकाळी अंगणात दहा-बारा माणसं जमली. शेजारी, गल्लीतले दोन मेकॅनिक, बारकीची आई. मामाही आला. बोलावलं नव्हतं, पण आला.

बारकीने बटण दाबलं. साठ दिवे निळसर पांढरे लखकन पेटले आणि त्याच क्षणी मेले. सगळे. शहर अंधारात आणि व्हॅनमध्ये जळका वास. बाईंचा हात तोंडावर गेला.

आणि मामाचं तोंड सुटलं. आठ वर्षांत हेच शिकलीस का, इथपासून जे सुरू झालं ते शेजाऱ्यांनी खाली मान घालेपर्यंत. बाईंची सहा वर्षांची मेहनत मातीत घातलीस, चार लोकांत माझं नाक कापलंस, दुकान टाकायला निघालीस आणि दिवा पेटवता येत नाही. शेवटी तो म्हणाला, "उद्यापासून पक्कड हातात धरू नकोस. तुझं काम नाही हे."

तिने पक्कड खाली ठेवली आणि आईबरोबर निघून गेली.

मामा धुसफुसत मागे राहिला. काय घाण करून ठेवलीय ते बघावं म्हणून झाकण उघडलं. आत वाकून पाहिलं. तारा ओळीत, आवळलेल्या, एकही उगाच लोंबत नाही. शेजारी पत्र्याच्या डबीत तारांचे कापलेले तुकडे होते, आणि प्रत्येक तुकड्यात काळ्या नळीत गुंडाळलेली एक गाठ. डबीला तिची कामाची वही टेकवलेली. शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं: 'तारांच्या शेवटी साठ जोड निघाले, सगळे कापले. बोर्डाखाली आता एकही जोड नाही.' खाली दोन रेघा मारलेल्या.

त्या गाठी जोड नव्हत्या. त्या नळीत रेझिस्टर असतो. दिव्याला तीन व्होल्ट पुरतात, बॅटरी बारा देते, वरचा सगळा मार तो रेझिस्टर खातो. तो कापला की दिवा संपला. मामाला हे पुरतं ठाऊक होतं. बारकीला कसं असणार? हे दिवे त्याने दुकानात कधी टिकू दिले नव्हते. तिला दिसली ती काळ्या नळीत लपवलेली गाठ, डोळा पोचणार नाही अशा जागी. अशी गाठ दिसली की काय करायचं हे तिला एकाच माणसाने शिकवलं होतं.

राग आता जाणार कुठे? त्याने व्हॅनच्या पत्र्यावर मूठ आपटली. बाई दचकल्या. मग तो त्यांच्यावरच खेकसला, "चूक माझी आहे. तिची नाही, माझी. ऐकताय ना?" माफीसुद्धा या माणसाने अशी मागितली. बाईंनी आयुष्यभर वर्ग सांभाळलेले होते. त्या शांतपणे म्हणाल्या की हे मला सांगून काय उपयोग.

बहिणीच्या दारात बहीणच आडवी उभी होती. आत्तापर्यंत दादापुढे तिने कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. घरात नवरा नव्हता तेव्हा तुझ्या आधाराने पोर वाढवली, म्हणून आठ वर्षं तुझं ओरडणं मुकाट ऐकलं, आता बास. मामाने तेही ऐकून घेतलं. मग आत जाऊन बारकीसमोर बसला आणि गाठीत काय असतं ते सांगितलं, आपण शिकवलं नाही हेही सांगितलं. आवाज बराच खाली होता.

बारकी म्हणाली, "मामा, मी विचारलं होतं."

त्याने मान वर केली.

"काम घेतलं त्याच दिवशी. एक दिवा तुमच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, ही गाठ कसली? तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत. उचलून केरात टाकलात. म्हणालात, असल्या खेळण्यांचं मला विचारू नकोस."

त्याला आठवलं. दिवा केरात टाकताना आजूबाजूचे हसले होते, हेसुद्धा आठवलं. तोंड उघडलं, पण पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला ओरडायला कुणी सापडेना.

बारकीने नवे साठ दिवे मागवले. या वेळी गाठी तशाच ठेवल्या. एकेक गाठ बोर्डाखालून बाहेर काढून कडेच्या खणात आणली, झाकण उघडून पाहता येईल अशी. पंधरा दिवस लागले. मामा रोज अंगणात येऊन बसायचा. एकदा तार धरायला हात पुढे केला तर ती म्हणाली, राहू द्या मामा, मी करते. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं.

ते छोटं शहर उजळलं, शाळांमधून फिरायला लागलं. बारकीने टोकाची खोली घेतली. मामाकडे कामाला ती परत आली नाही. येते, चहा घेते, गुडघ्याचं विचारते आणि जाते.

मामा अजून भडकतो, शटरला अजून शिव्या घालतो. पण कुणी ते छोटे दिवे हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की त्याचा आवाज उतरतो. टोकाच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणतो, "तिकडे जा. तिला विचारलं की ती सांगते."