एप्रिलमधला सान रोक्को

आमच्या गावचा संत सान रोक्को, त्याचा उत्सव ऑगस्टमधून उचलून एप्रिलमध्ये आणायचा, ही कल्पना सेत्तीमियोची. हे तो स्वतःच सांगतो, कुणी विचारलं नाही तरी. आमच्या गावात चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारायला एरवी कुणी फार वेळ लावत नाही. पण सेत्तीमियोने ही आपल्याजवळच ठेवली आहे.

तो लोहार. गावातल्या निम्म्या बाल्कन्यांचे कठडे त्याच्या हातचे. बुटका, रुंद, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरलेला, आणि त्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ. सान रोक्कोची पालखी वाहणाऱ्या प्रत्येकाला ती येते. त्याच्या बापाला होती. त्याच्या मुलाला, दारिओला, यायला लागली होती. पालखीला बारा खांदे लागतात, आणि दांडीवरची जागा बापाकडून मुलाकडे जाते. उजव्या दांडीला सर्वांत पुढे सेत्तीमियो, त्याच्यामागे दारिओ.

दारिओ जर्मनीत वेल्डिंगचं काम करतो. बापलेकांचं फोनवर कधी जमलं नाही. पण दर ऑगस्टमध्ये तो यायचा, सोळा तारखेला दोघं एका दांडीखाली चालायचे, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात बसून दुपारभर भांडायचे: चर्चच्या कोपऱ्यावर कोण मागे राहिला, उतारावर कुणी घाई केली. वर्षभरात ते एकमेकांशी बोलायचे ते एवढंच. एर्सिलिया, सेत्तीमियोची बायको, म्हणायची, “तो सान रोक्कोसाठी येतो, आपल्यासाठी नाही. पण येतो ना? मग कुणासाठी का येईना.”

खांदे कमी होत चालले होते. कुणाची पाठ गेली, कुणी मिलानला घर घेतलं. तारीख हलवली त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये तर नऊच जण जमले. पालखी चौकात एक फेरी मारून परत देवळात गेली. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या दारात खुर्च्या टाकून, चांगले कपडे घालून बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत संत पोचलाच नाही.

तेव्हा वरच्या जुन्या मठात अमेरिकेतलं एक कॉलेज भरायचं. जानेवारीत तीसेक मुलं यायची, इटालियन शिकायची, चित्रं काढायची, डोंगर चढायची आणि मेच्या पहिल्या आठवड्यात निघून जायची. मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. जिन्यापाशी एक फळा असे, त्यावर आठवड्याचे उपक्रम. मंगळवारी हाताने पास्ता करणे, तो मीच शिकवायची. गुरुवारी बारमध्ये म्हाताऱ्यांबरोबर पत्ते. वर लिहिलेलं असे, ‘स्थानिक संस्कृती’. आम्ही त्याला मंगळवार आणि गुरुवार म्हणायचो.

हिवाळ्यात उत्सवाच्या बैठकीत सेत्तीमियो उभा राहिला. “खांदे वर मठात आहेत,” तो म्हणाला, “दिवसाला तीन वेळा जेवतायत. फक्त ऑगस्टमध्ये नसतात. मग ऑगस्ट कशाला धरून बसायचं?”

“संताचा दिवस आहे तो,” ग्वेरिनो म्हणाला. तो खांदेकऱ्यांमधला सर्वांत म्हातारा.

“संत वर्षभर कपाटात उभा असतो, ग्वेरिनो. चार महिने आधी बाहेर काढला तर रागावणार नाही.”

सगळे हसले. फादर फिओरेन्झोंनी बिशपना विचारलं, परवानगी आली. एप्रिलचा शेवटचा रविवार ठरला.

त्या संध्याकाळी मी एर्सिलियाकडे होते. सेत्तीमियो खुशीत घरी आला आणि सगळं सांगितलं. ती कांदा परतत होती.

“आणि दारिओ?” तिने विचारलं.

“येईल एप्रिलमध्ये.”

“एप्रिलमध्ये त्याला सुट्टी कोण देतंय?”

“मग ऑगस्टमध्ये येईल नेहमीसारखा. आईच्या घरी यायला काय संताची तारीख लागते?”

एर्सिलियाने गॅस बंद केला. “लागते,” ती म्हणाली.

मठाच्या अंगणात तालीम सुरू झाली. शिडीवर वाळूची पोती टाकून मुलं ती खांद्यावर घ्यायची. त्यांत केंड्रा नावाची एक उंच मुलगीही होती.

“आता संताला पोरी उचलणार?” ग्वेरिनो कुरकुरला.

“तुझा मुलगा कॅनडाहून येत असेल तर सांग,” सेत्तीमियो म्हणाला, “हिला आत्ता खोलीत पाठवतो.”

ग्वेरिनोने टोपी नीट केली.

“पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा,” सेत्तीमियो पोरांना शिकवायचा. “आणि हसायचं नाही. हसलं की खांदा हलतो.” एवढं म्हटलं की पोरं हसायची. पण मनापासून शिकली, हे मला सांगायला हवं. वाईट मुलं नव्हती ती. ताटं स्वतः उचलून आणायची.

रविवारी पालखी उठली. दहा पोरं, सेत्तीमियो आणि डाव्या दांडीच्या टोकाला खाटीक, तोही धिप्पाड. पोरं सगळी दुधावर वाढलेली, सेत्तीमियोपेक्षा डोकंभर उंच. दांडी वर गेली आणि त्याच्या खांद्याच्या वर वीतभर अंतरावर राहिली. त्याने टॉवेल दुमडून खांद्यावर ठेवला. पोचेना. कुणीतरी दुसरा दिला, तरी पोचेना. मग त्याने हात वर केला, पंजा दांडीला लावला आणि चालू लागला.

बँड वाजत होता. संत खालच्या आळीत गेला, म्हाताऱ्यांनी गळ्यातली संताची पदकं ओठांना लावली, रडल्या. मीही रडले. गावात सगळ्यांना वाटलं, सेत्तीमियोने उत्सव वाचवला. एर्सिलिया माझ्याशेजारी बाल्कनीत उभी होती. ती फक्त त्याच्याकडे बघत होती.

“त्याच्या खांद्यावर काहीच नाहीये,” ती म्हणाली.

रात्री जेवताना तो म्हणाला, “यंदा खांदा दुखत नाही.”

“बरं झालं,” एर्सिलिया म्हणाली. “मलम वाचलं.”

ऑगस्टमध्ये दारिओ आला. बायको आंके आणि लहान मुलाला घेऊन. सोळा तारखेला देवळात नुसती प्रार्थना झाली. दारिओ बारमध्ये उभा राहिला तर जो तो त्याला अमेरिकन पोरांचं कौतुक सांगायला लागला. संध्याकाळी अंगणात त्याने बापाला विचारलं, “माझ्या जागेवर कोण होतं?”

“ओहायोचा एक मुलगा. चांगला चालला.”

“मग झालं तर,” दारिओ म्हणाला.

भांडायला काही नव्हतं. कोपऱ्यावर कुणी मागे राहिलं नव्हतं, उतारावर कुणी घाई केली नव्हती. दोघं थोडा वेळ कोंबड्यांकडे बघत बसले. दारिओ ठरल्यापेक्षा आधीच निघाला; मुलाला कंटाळा येतोय म्हणाला.

पुढच्या ऑगस्टमध्ये तो क्रोएशियाच्या समुद्रावर गेला. “सुट्टी एकच असते, आई,” तो फोनवर म्हणाला. “आणि उत्सव तर आता एप्रिलमध्ये असतो ना?” एकटा दारिओ नव्हे. खाटकाचा मुलगा आला नाही, बेकरीवालीच्या दोन्ही मुली आल्या नाहीत. चौकात बारच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्याच राहिल्या. खांदे मिळावेत म्हणून आम्ही तारीख हलवली होती, आणि जे स्वतःहून येत होते त्यांना न येण्याचं कारण देऊन बसलो होतो. हे सेत्तीमियोच्या लक्षात सगळ्यांच्या आधी आलं.

त्यानंतरच्या मेमध्ये कॉलेजने कळवलं, आम्ही समुद्राकाठच्या शहरात जातोय. तिथे विमानतळ जवळ आहे, उपक्रमही जास्त. फळा काढून नेला. माझं कामही गेलं.

सेत्तीमियो फादरकडे गेला. उत्सव परत ऑगस्टमध्ये आणूया म्हणाला.

“तू खांदे आण,” फादर म्हणाले, “मी दार उघडतो.”

मग त्याने स्वतः एकेकाला फोन केला, ज्याला फोनवर दोन वाक्यं बोलता येत नव्हती त्याने. एकाची पाठ, एकाच्या पोराचं शिबिर. एक म्हणाला, “पण तुमच्याकडे अमेरिकन आहेत ना?” दारिओला सगळ्यांत शेवटी लावला. एर्सिलियाने स्पीकर सुरू करायला लावला. मी तिच्याबरोबर शेंगा सोलत बसले होते.

“उत्सव परत ऑगस्टमध्ये आणलाय,” सेत्तीमियो म्हणाला.

“चांगलं केलंत, बाबा.”

“तुझी जागा मोकळी आहे.”

“आमची तिकिटं काढून झालीत. आंकेचे आईवडीलही आहेत बरोबर.”

“मग पुढच्या वर्षी?”

“बघू.”

सेत्तीमियोने फोन दुसऱ्या हातात घेतला. “पुढची जागा घे,” तो म्हणाला. “माझी. मी मागे जातो.”

आमच्याकडे पुढची जागा जिवंतपणी कुणी देत नाही. एर्सिलियाचे हात थांबले.

“बाबा,” दारिओ म्हणाला, “जागा तुम्ही तेव्हाच देऊन टाकलीत. मला विचारलंही नव्हतं.” तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. दिवसभराचं काम करून दमलेला माणूस बोलतो तसा बोलला. मागे टीव्ही चालू होता.

सोळा ऑगस्टला पाच जण आले. ग्वेरिनो धरून पाच. बघू तरी, म्हणून त्यांनी देवळातल्या देवळात उचलून पाहिली. मागची बाजू उठली, पुढची हललीच नाही. हळूच खाली ठेवली. फादरनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या, चौकातून संत दिसावा म्हणून. बँड सांगितलेलाच नव्हता. खालच्या आळीतल्या ज्या म्हाताऱ्यांना चढवत होतं त्या चढून आल्या.

दुपारी जेवताना सेत्तीमियो म्हणाला, “फादर म्हणतात, चाकं लावूया.”

“मग लाव,” एर्सिलिया म्हणाली.

“मलाच करायला सांगतायत.”

“दुसरं आहे कोण इथे?”

त्याने चाकांचा गाडा केला. सगळा हिवाळा त्या गाड्यावर घालवला. रबराची चाकं, हाताला ब्रेक, दांड्या ठेवायला खाचा. दुसऱ्या वर्षी सान रोक्को त्यावरून निघाला, खालच्या आळीपर्यंत सहज गेला. सेत्तीमियो मागून ढकलत होता. एकट्याला पुरेसं होतं.

एर्सिलियाने बाल्कनीतून त्याचा व्हिडिओ काढला आणि दारिओला पाठवला. उत्तर संध्याकाळी आलं, वर केलेला एक अंगठा. ती भांडी घासत होती, हात पुसून तिने पाहिलं.

“दारिओ का?” सेत्तीमियोने खुर्चीतून विचारलं. “काय म्हणतो?”

“छान झालं म्हणतो.”

“आणखी?”

“आणखी काही नाही,” एर्सिलिया म्हणाली आणि नळ सोडला.