कापसातलं सीताफळ

आज स्वयंपाकघरात सीताफळं पिकली आणि त्या वासानं मला आर्णीजवळच्या आमच्या घरात नेलं.

मी नववीत होते. शाळेच्या प्रयोगासाठी एका डब्यात कच्च्या सीताफळाशेजारी पिकलेलं केळं ठेवलं होतं, दुसऱ्यात नुसतंच कच्चं सीताफळ. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पहिलं लवकर पिकेल, दुसरं मागे राहील, असं सरांनी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर दुसरा डबा रिकामा.

"माय, यातलं सीताफळ कुठी गेलं?"

माय नुकतीच वेचणीहून आली होती. बोंडांनी ओरखडलेले हात मांडीवर ठेवून ती भिंतीला टेकली होती.

"कडकच होतं ते. परवाच कापसात दाबून ठेवलं मी."

भाव नाही म्हणून न विकलेला कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला होता. मी त्यात कोपरापर्यंत हात घातला. सीताफळ मऊ लागलं. प्रयोग वाया गेला म्हणून मी रडले.

"काहून रडून राह्यली? पिकलं ना, खाय," ती डोळे मिटूनच म्हणाली.

त्या वर्षी त्या कापसातून तेवढंच गोड निघालं. ते मी तिच्यासमोर बसून, रागारागानं, एकटीनं खाल्लं.