ढिल्या स्प्रिंगचा नगारा

गावात माझी ओळख दोन प्रकारे करून देतात. तोंडावर ‘महाराजांचा कलाकार मुलगा’ आणि पाठ वळली की ‘महाराजांचं वाया गेलेलं पोरगं’. माझे वडील गावातल्या देवीच्या देवळात पुजारी आहेत म्हणून ते महाराज, आणि मी हिप-हॉप करतो म्हणून मी वाया गेलेला. नुसतं हिप-हॉप केलं असतं तर लोकांनी एक वेळ पोटात घातलं असतं, कारण मोबाईलवर रॅप आता सगळेच ऐकतात. पण मी ते जुन्या, आमच्या आजोबांच्या वयाच्या अमेरिकन जॅझ गाण्यांत कालवतो. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

हा रोग मला नांदेडला लागला. बी.एस्सी. करायला पाठवलं होतं, तिथं होस्टेलवर शेजारच्या खोलीत एक पोरगं स्पीकरवर जॅझ लावायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, वाजवणाऱ्यांचं आपसांत भांडण लागलंय. काही दिवसांनी कळलं की भांडण नाही, गप्पा चालल्यात. ट्रंपेट काहीतरी विचारतो, पियानो त्याला उडवून लावतो, आणि मागं ड्रमवाला गालातल्या गालात हसतो. मग काय, डिग्री घेऊन घरी आलो तेव्हा सोबत हेही आलं.

गावाकडं हे समजावून सांगणं म्हणजे अवघड जागेचं दुखणं. वारंगा फाट्यावर चहाच्या टपरीवर एका काकांनी विचारलं, “जाझ म्हंजे काय रे?”

मी म्हणालो, “त्यात ट्रंपेट असतं, क्लॅरिनेट असतं...”

“म्हंजे लग्नातला बँड.”

“तसंच समजा.”

“मग सरळ बँडवाल्याकडंच लागायचं व्हतं ना लेका. बीयस्सी काहून केली?”

मी चहाचे पैसे देऊन जीपमध्ये बसलो.

घरी तर विचारूच नका. आमच्याकडं देवीच्या खालोखाल मान आहे तो तिरकस बोलण्याला, आणि त्यात बाबांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. मी भजनी मंडळाची पेटी घेऊन जॅझचे सूर शोधत बसायचो. हे सूर एकावर एक असे चढवतात की सवय नसलेल्या कानाला वाटावं, बोटं घसरली. बाबा सोवळं नेसून देवळाकडं जाता जाता दारात थांबायचे आणि विचारायचे, “पेटी बिघडली का तू?” आई आतून म्हणायची, “दोगंबी.” अशा पोषक वातावरणात माझी कला वाढली.

मग आमचे अध्यक्ष मधे पडले. अध्यक्ष म्हणजे देवस्थान समितीचे अध्यक्ष. ते एका पतसंस्थेचेही अध्यक्ष होते, आणि आणखी कशाकशाचे होते ते त्यांनाही आठवायला थांबावं लागायचं. त्यांनी बाबांना सांगितलं की पतसंस्थेत क्लार्कची एक खुर्ची आहे, दसऱ्यापर्यंत थांबवून ठेवतो. बाबांचं आयुष्य लोकांनी ताटात टाकलेल्या दक्षिणेवर गेलेलं. ठरलेल्या तारखेला येणारा पगार ही त्यांच्या लेखी देवीच्या दर्शनाइतकी दुर्मिळ गोष्ट. मला त्यांचं दुखणं कळत होतं. पण त्या खुर्चीवर मी बसलो की माझं गाणं संपलं, हेही मला तितकंच कळत होतं. आमच्या भागात खुर्चीत बसलेला माणूस रिटायर होऊनच उठतो.

आमची बरीच वादावादी झाली. शेवटी बाबा म्हणाले, “हे बघ. नवरात्रात सहाव्या माळेला आरती झाल्यावर गावातल्या कलाकारांचा कार्यक्रम असतो. एकदा गावापुढं म्हण तुझं जे काय हाय ते. लोकं बसले, तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. उठून गेले, तर दसरा झाला की इस्त्रीचा शर्ट घालायचा अन् पतसंस्थेत जायचं. बोल.”

“चालंल,” मी म्हणालो. म्हणताना छाती फुगली होती. रात्री अंथरुणात पडून मंडपात किती माणसं मावतात ते मोजत बसलो.

गाणं मी निवडून ठेवलं होतं. मूळ गाण्यातला बापडा संध्याकाळी रस्त्यावर उभा राहून तिची वाट बघतो. ती येत नाही. मी म्हटलं, हे दुःख आमच्या फाट्याला नवीन नाही. फक्त तिच्या जागी गाडी घातली की झालं. चाल जुनी ठेवली आणि मधे माझं रॅप घातलं :

‘जीप उभी फाट्यावर, आत माणसं अठरा,
डायवर म्हणतो अजून दोन, जरासंक सरका!
सेनगावचं सोयाबीन, बाळापूरचा बाजार,
मी एकटाच खाली उभा, वाट बघणं हा आजार.’

शब्द जमले, पेटीवरचे सूर जमले, अडलं ते ठेक्यापाशी. जॅझचा ठेका सरळ चालत नाही. एक ठोका वेळेवर पडतो आणि पुढचा किंचित उशिरा, पाय ओढत येतो. त्या उशिरातच सगळी गंमत. लॅपटॉपवरचा ठेका मात्र नव्या हायवेसारखा, ना खड्डा ना वळण. त्यात ठोका मागं सरकवायची सोय असते, तीही वापरली. ऐकून आई म्हणाली, “कोण पिऊन आलंय?” कशात काय अन् फाटक्यात पाय. मी लॅपटॉप मिटला.

आणि त्याच संध्याकाळी आरतीला झांज घेऊन उभा होतो, तेव्हा ते झालं.

आमच्या देवळात आरतीचं मशीन आहे. पूर्वी नगारा, झांजा वाजवायला माणसं असायची. माणसं पुण्याला कंपनीत गेली आणि एका दात्यानं मशीन दिलं. बटण दाबलं की मोटर फिरते, दोन दांड्या नगाऱ्यावर पडतात, झांज आपटते, वर घंटा हलते. मशीनवर देवीचं नाव आहे आणि त्याच्या दुप्पट अक्षरांत दात्याचं. त्या दोन दांड्यांपैकी एकीची स्प्रिंग मला आठवतं तेव्हापासून ढिली. पहिली दांडी हुकमानुसार पडायची, दुसरी जरा विचार करून. धाड्... तडाड्. धाड्... तडाड्.

मी आरती विसरून तोंड उघडं टाकून उभा राहिलो. अरे देवा! नांदेडला होस्टेलवर बसून ज्या ठेक्यासाठी कान फोडून घेतले, तो ठेका मी दूध पिणारा असल्यापासून रोज दोन वेळा ऐकत होतो, वर प्रसादही खात होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी आरतीला सगळ्यांच्या आधी हजर. मोबाईल मशीनपाशी ठेवायचा आणि डोळे मिटून रेकॉर्डिंग करायचं. बाबा आईला म्हणाले, “लेकरू सुधरून राहिलं.” मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. पुजाऱ्याच्या घरात जन्मून पहिल्यांदाच मी भाविक ठरत होतो.

रेकॉर्डिंग करताना एकदा लाईट गेली. ती जातेच, तिचाही नेम आहे. अशा वेळी मशीन गप्प होतं आणि बाबांच्या एका हातात आरतीचं ताट, दुसऱ्या हातात घंटी. मग ते नुसते ओरडतात, “हां, धरा!” की लोक अंधारात टाळ्यांनी ठेका धरतात आणि आरती पूर्ण होते. लहानपणी एकदा लाईट गेल्यावर मी मधेच गप्प बसलो होतो. आरती झाल्यावर बाबांनी कान पिरगाळून विचारलं होतं, “अर्धी सोडत्यात का रे?” आमच्या घरात धर्म म्हणून जो काही शिकवला तो एवढाच.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अध्यक्ष टेम्पोतून नवीन मशीन घेऊन आले. चकचकीत, आणि त्यावर आता त्यांचं नाव. देवीचं नाव शोधावं लागत होतं.

“महाराज,” ते बाबांना म्हणाले, “ह्यात एकेक ठोका बराबर. कंपनीची गॅरंटी हाय. त्या जुन्या खटाऱ्याची देवीला बी तकलीफ व्हत आसंल.”

देवीनं यावर काही मत दिलं नाही. जुनं मशीन मागच्या खोलीत गेलं. नवीन मशीन पहिल्या माळेला सुरू झालं आणि खरंच घड्याळासारखं वाजलं. गावाची टाळी मात्र प्रत्येक ठोक्याच्या मागं पडत होती. मशीन पुढं, गाव मागं. अध्यक्ष वैतागून म्हणाले, “लोकायला ताल म्हणून न्हाईच.” कुणीतरी सुचवलं, उपवासाचा अशक्तपणा असंल. मला मात्र माझंच पडलं होतं. जुन्या मशीनचं रेकॉर्डिंग माझ्याकडं होतं, मला नव्याशी काय करायचंय?

सहाव्या माळेला आरती झाली, कार्यक्रम सुरू झाला. लहान मुलींनी नाच केला. मग एका रिटायर ग्रामसेवकांनी पक्ष्यांचे आवाज काढले. टिटवीला वन्स मोर मिळाला. त्यानंतर माझं नाव पुकारलं. टिटवीनंतर जॅझ, हा क्रम कुणी लावला होता त्याला देवी सुखी ठेवो.

मंडपात माणसं गच्च. बाबा गाभाऱ्याच्या पायरीवर बसले होते, अध्यक्ष पहिल्या रांगेत खुर्चीवर. मी जुन्या मशीनचा ठेका भरलेला लॅपटॉप साऊंडला जोडला, पेटी पुढं ओढली, सुरुवात केली. पहिली ओळ संपते न संपते तोच मागून एक जण उठला. मग दोघं. मग एक काकू लेकराचा हात धरून. पहिल्या रांगेत अध्यक्षांनी मोबाईल काढला. मी गात होतो आणि डोळ्यांसमोर इस्त्रीचा शर्ट दिसत होता. जीपमधल्या अठरा माणसांवर थोडे हसले, हे खरं. पण हसता हसताही उठून जाता येतं, हे मला त्या दिवशी समजलं.

आणि दुसरं कडवं अर्ध्यात असताना लाईट गेली.

माईक गेला, ठेका गेला. मंडपभर चपलांचा आवाज सुरू झाला. सगळं गाव उठतंय, हे अंधारातही कळत होतं. पेटीवरचे हात तसेच राहिले. मनात म्हटलं, संपलं रे बाबा.

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

“हां, धरा!”

बाबांचा आवाज. सवयीनं निघाला असेल, इतकी वर्षं अंधार झाला की त्यांच्या तोंडून तेच निघतं. आणि गावानंही सवयीनंच टाळी धरली. कुणी बसून, कुणी अर्धवट उभं, कुणी चप्पल शोधता शोधता. एक टाळी वेळेवर, दुसरी पाय ओढत. अख्खं गाव लंगडत होतं! त्या ढिल्या स्प्रिंगनं सगळ्यांच्या हातात जो ठेका भरून ठेवला होता तो नव्या मशीनला काढता आला नव्हता. मी भाता मारला आणि माईकशिवाय, बाबा आरती म्हणतात तसा बेंबीच्या देठापासून ओरडत रॅप म्हणायला लागलो. ‘जरासंक सरका’ आलं तेव्हा अंधारातून चार-दोन जण माझ्याबरोबर ओरडले.

आता आमच्याकडं लाईट गेली की प्रत्येक माणूस वायरमन होतो. अध्यक्षही झाले. मोबाईलची बॅटरी लावून ते देवळातल्या बोर्डापाशी गेले आणि एकेक बटण खटाखट दाबून बघायला लागले. त्यामुळं लाईट आली तेव्हा सगळंच एकदम आलं. पंखे, माळा, ट्यूब आणि त्यांचं नवीन मशीन. धाड्-धाड्-धाड्-धाड्. बराबर. कंपनीच्या गॅरंटीसह.

टाळ्या विस्कटल्या. लोक हसायला लागले. मी पुढची ओळ म्हणायचा प्रयत्न केला, माझी मलाच ऐकू येईना. अध्यक्ष मशीनकडं कौतुकानं बघत उभे होते, बंद करायचं त्यांच्या मनातही नव्हतं. मी थांबलो.

बाबा पायरीवरून उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. बोर्डापाशी गेले, अध्यक्षांच्या हाताखालून हात घातला आणि मशीनचं बटण बंद केलं. ज्या माणसाच्या हातात माझी खुर्ची होती, त्याच्यासमोर, सगळ्या गावादेखत.

“महाराज,” अध्यक्ष म्हणाले, “नवीन मशीन हाय ते.”

“व्हय,” बाबा म्हणाले. “नवीन हाय अजून. शिकंल हळूहळू.”

मंडपात कुणीतरी खुदकन हसलं. उठलेली ती काकू लेकराला मांडीवर घेऊन परत खाली बसली. बाबा माझ्याकडं वळले. रागात असले की त्यांच्या कपाळावरची शीर दिसते, ती तेव्हाही दिसत होती.

“तू काहून थांबला? अर्धी सोडत्यात का रे?”