राखणदाराचा कोंबडा

माझं हृदयाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी आई शेताच्या बांधावरच्या राखणदार देवाला कोंबड्याचा नवस बोलली. मुलगा चालत घरी आला तर भातकापणीनंतर तुझा कोंबडा तुला. मी पेणजवळच्या आमच्या गावी परतलो तेव्हा तो लाल तुऱ्याचा कोंबडा अंगणात उकरत होता.

माझा नवसावर विश्वास नाही. नागोठण्याला कंपनीत यंत्र का बंद पडलं ते शोधणं हे माझं काम. तरीही एका सकाळी मुंगसाला शेजाऱ्यांची तलंग, अंड्यावर न आलेली कोंबडी, ओढून नेताना पाहिलं आणि घाबरलो. तलंगेसाठी नव्हे. मी बांबूचं डालगं आणलं आणि कोंबडा त्याखाली झाकला. मला वजन उचलायला मनाई होती, म्हणून वर दगड बायकोकडून ठेवून घेतला.

"कोंबडा हाय का नवरी?" आई म्हणाली. "झाकून कशाला ठेवलास?"

"मुंगूस फिरतंय."

"मुंगूस काय आजच फिराया लागलंय?"

पण तिने दगड काढला नाही. नवस तिचाच होता.

त्यानंतर पिल्लं जाऊ लागली. खाडीच्या बाजूने घार यायची, पेंढ्याच्या उडवीपाशी खाली उतरायची आणि एक पिल्लू घेऊन जायची. मी पडवीत काठी घेऊन बसलेला असायचो. ओरडेपर्यंत ती माडांच्या वर गेलेली असे. धरमतरच्या एका ओळखीच्या कोळ्याकडून जुनं जाळं आणून अंगणावर ताणलं. कोंबड्या जाळ्याखाली थांबेनात. किडे उडवीखाली होते.

कारण आईला आधी कळलं. मोकळा असताना कोंबडा दोन दाणे टिपायचा आणि मान तिरकी करून वर बघायचा. घार दिसली की घशातून लांब, खरखरीत आवाज काढायचा, आणि कोंबड्या पिल्लांना घेऊन कुंपणाच्या झुडपात शिरायच्या. डालग्याखालून त्याला आभाळ दिसत नव्हतं.

"तुझ्या एका जिवापायी माझी पिल्लं घारीला घालतोस व्हय रे?" असं म्हणून तिने पायानेच दगड ढकलला.

"आई, मुंगसाने नेला तर?" बायकोने घाबरून विचारलं.

"तर देव बघंल गो. कोंबडा त्याचा हाय. मी कोण झाकणारी?"

कोंबडा बाहेर आला, पंख झटकले आणि उडवीकडे गेला. घारी येत राहिल्या, पण पिल्लं जायची थांबली. मुंगसानेही त्याला नेलं नाही. मी मात्र कापणी होईपर्यंत रोज उठल्यावर आधी तो आहे ना ते बघत होतो.

कापणी झाली. आई राखण द्यायचं, देवाला कोंबडा कापायचं, नाव काढेना. एके दिवशी सुपात तांदूळ पाखडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुरवाला इचारलं. नारळ दिला तरी चालंल म्हणतो."

मी सुपाबाहेर उडालेले दाणे वेचू लागलो.

"तुझ्यासाठी बोलले होते. म्हणून तुला इचारते."

तिला काय ऐकायचं होतं ते मला समजत होतं. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात माझी तपासणी होती. मी म्हणालो, "बोलली आहेस तर कोंबडाच दे."

"बरं," ती म्हणाली आणि पाखडत राहिली.

दुसऱ्या दिवशी राखण दिली. मी बांधापर्यंत गेलो, पण पाठ करून उभा राहिलो. घरी रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. आईने पहिलं ताट मला वाढलं. स्वतः दात दुखतो म्हणून आमटी-भात घेतला. मी ताट स्वच्छ केलं. चवही चांगली लागली, हेही लिहायला हवं.

तपासणीत सगळं ठीक निघालं. मी पुन्हा कामावर जातो. घारी आहेतच. आता पिल्लं बाहेर असली की कुणाला तरी वर बघत बसावं लागतं. सुटीच्या दिवशी मी बसतो. जेवायची वेळ टळली तरी आई मला ऊठ म्हणत नाही.