मांजरीला खोली, ताईंना सोफा

आमच्याकडे दोन मांजरं होतीच. थोरली मांजर फ्रिजवर बसून सगळ्या घरावर नजर ठेवायची. धाकटा बोका दिवसभर लोळायचा आणि वाटीचा आवाज आला की तेवढा उठायचा. "यापुढे या घरात एकही मांजर येणार नाही," असं आमच्या ह्यांनी जाहीर केलं होतं. नियम त्यांचा, म्हणून मोडलाही त्यांनीच. शाहपुरच्या शेतावरून केळीच्या घडांबरोबर एक हडकुळी राखाडी मांजर टोपलीत घालून आणली. मोटरच्या खोलीत उपाशी बसली होती म्हणे.

जनावरांच्या डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत ह्यांनी मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ पाहिला होता. नवी मांजर एकदम जुन्यांसमोर सोडायची नाही. तिला वेगळी खोली द्यायची. एकीचं अंग पुसलेलं फडकं दुसरीजवळ ठेवायचं, म्हणजे वासाची ओळख होते.

"उसको टाइम देना पडता है," हे व्हिडिओवाल्याच्याच आवाजात म्हणाले.

मी म्हटलं, "मी लग्न होऊन आले, तर दुसऱ्याच दिवशी मला पंगतीच्या पोळ्या लाटायला बसवलं होतं. मला कुणी टाइम दिला नव्हता."

"तू काही चावणारी नव्हतीस."

"ते आपल्याला तेव्हा कुठं माहीत होतं," भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या.

वेगळी खोली म्हणजे पाहुण्यांची खोली. घरातला एकुलता एक चांगला कूलर तिथेच. राखाडी तिथे राहू लागली आणि आम्ही बाहेर पंख्याखाली घाम पुसत बसू लागलो. त्यातच जळगावहून माझ्या नणंदबाई आल्या, नात्यातल्या लग्नासाठी. ह्यांनी त्यांची बॅग सोफ्याशेजारी ठेवली.

ताईंनी बंद दाराकडे पाहिलं. "मांजरीला कूलर अन् मला सोफा?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे, ताई."

"मी पण चारच दिवसांसाठी आले रे."

त्यांनी सोफ्यावर चादर अंथरली. लग्नाच्या दिवशी मात्र अर्धी साडी नेसून झाल्यावर त्यांना मोठा आरसा हवा होता, आणि आरसा त्या खोलीत. कुणाला न विचारता त्यांनी दार उघडलं. राखाडी त्यांच्या पायांमधून बाहेर आली.

"दार लावा," हे ओरडले. दाढीचा साबण तोंडावर तसाच होता.

थोरली फ्रिजवरून उतरली. ताई हातात निऱ्या धरून जागीच थांबल्या. थोरलीने जवळ जाऊन राखाडीच्या तोंडावर एक चापट मारली. राखाडी जमिनीला चिकटली, पण पळाली नाही. थोरलीने तिला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं आणि सरळ खोलीत जाऊन कूलरसमोर आडवी झाली. बोक्याने डोळासुद्धा उघडला नाही.

"वास ओळखला," हे म्हणाले. "फडक्यांचा असर झाला."

"ती फडकी तर मी परवाच धुऊन वाळत घातली," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर लगेच गोडीगुलाबी झाली असं नाही. कितीतरी दिवस वाटीवरून फिसकारणं चालू होतं, आणि राखाडी सगळ्यांचं खाऊन झाल्यावरच पुढे यायची. ते बघून सासूबाईंनी तिच्यासाठी वेगळी वाटी काढली, ओट्याच्या कोपऱ्यात, आणि ती खाईपर्यंत त्या काठी घेऊन शेजारी बसू लागल्या. ताई जाताना म्हणाल्या, "दार मी उघडलं म्हणून जमलं, हे विसरू नका." हे विसरले आहेत. शेजारीपाजारी कुणी मांजर पाळायचं म्हटलं की हे त्यांना व्हिडिओ पाठवतात आणि वर अनुभवाचे बोल ऐकवतात.

राखाडी आता चांगली गुबगुबीत झाली आहे. दुपारी ती सासूबाईंच्या पायांवर झोपते. त्या पाय हलवत नाहीत. मुंग्या आल्या की मला बारीक आवाजात हाक मारतात, "जरा हिला उचल वं, पण उठवू नको."